बागेचा छंद आणि उत्तरवयातील उद्योग
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



संघाच्या चिटणिसांनी ‘निवृत्तीनंतर काय?’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली. विषय त्यांनी दिला, त्यातील पायवाट मात्र आम्ही आमच्या सोयीची निवडली आहे. निवृत्त माणसाने प्रवास करावा, वाचन करावे, नातवंडांस गोष्टी सांगाव्या, हे सांगण्यास आपल्यांत आमच्याहून अधिकारी पुरुष पुष्कळ आहेत. आम्ही बोलणार आहोत ते एवढेच की, ज्यास जन्मभर झाडांचे वेड होते त्याने अठ्ठावन्न वर्षांनंतर त्या वेडाचा रीतसर धंदा करावा काय, आणि करावयाचा तर कोणत्या तयारीने करावा. ‘धंदा’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून योजीत आहोत. ‘विरंगुळा’ म्हटले असते तर सभागृह अधिक प्रसन्न झाले असते, परंतु विरंगुळ्यास व्याख्यान लागत नाही.

ज्या ज्ञातीचे नावच वाडीवरून पडले, तिच्या संमेलनात बागेविषयी बोलण्याची पाळी यावी ही थोडी गमतीची गोष्ट आहे. वाडी करणारा तो वाडवळ, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. चिंचणीपासून वसईपर्यंतच्या किनारपट्टीत आपल्या वाडवडिलांनी विहिरी व बावखले खणली, त्यांवर रहाट बसविले आणि पाटाच्या पाण्यावर केळी, नारळ, सुपारी, पानवेली व भाजीपाला यांचा संसार मांडला. केळवे-माहीमच्या नागवेलीच्या पानांस दूरदूरच्या बाजारांत मागणी असे. आगाशीस राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवून त्यांची सुकेळी होत. ज्यांनी ती खाल्ली आहेत त्यांस अधिक सांगणे नको, आणि ज्यांनी खाल्ली नाहीत त्यांस सांगून उपयोग नाही. त्या काळी कोणी बागकामास ‘छंद’ म्हटले असते तर आमच्या आजोबांनी त्याच्याकडे वेड्यासारखे पाहिले असते. पहाटे चारास रहाटाला रेडा जुंपणाऱ्यास छंद कसला?

पुढील इतिहास आपण जाणताच. मुले शिकली, नोकऱ्यांस लागली, आणि ते योग्यच झाले. आम्ही स्वतः शिक्षक झालो ते रहाटाच्या मागे चालावयाचे नव्हते म्हणूनच. रहाट गेले, विजेचे पंप आले. पंपांमागून टँकर आले आणि पुष्कळ विहिरींचे पाणी मचूळ झाले. 1990 नंतर इमारतींनी वेग घेतला, 3 जुलै 2009 रोजी वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली, आणि ज्यांचे सातबारे होते त्यांच्यापैकी अनेकांच्या हाती सदनिकांच्या किल्ल्या आल्या. त्यास कोणी दोष द्यावा असे आम्हांस वाटत नाही. परंतु वाडी गेली तरी हाताचा गुण एकाएकी जात नाही. आपल्या कोणत्याही घरी जा, सज्जात चार कुंड्या दिसतील, आणि त्यांतील जास्वंद शेजारच्या सज्जातील जास्वंदीहून टवटवीत असेल. हा हाताचा गुण आहे, आणि तो आज फुकट जात आहे.

या विषयात आम्हांस सर्वांत जवळचे वाटणारे उदाहरण सांगतो. भास्कर हिराजी सावे हे नाव आपल्यांतील वडील मंडळींस ठाऊक असेल. 27 जानेवारी 1922 रोजी उंबरगावनजीक देहरी या किनाऱ्यावरील गावी त्यांचा जन्म झाला. तो मुलूख तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. 1960 साली दोन राज्ये झाली तेव्हा तो गुजरातेत गेला. घराणे वाडीवाल्यांचे. सावे काही वर्षे प्राथमिक शाळेत शिक्षक होते. शिक्षकी व्यवसाय पत्करलेल्यांस हे ऐकून बरे वाटते, म्हणून आम्ही त्यावर थोडा जोर देत आहोत! शाळा करीत असतांही त्यांचे मन मातीत होते, आणि अखेर त्यांनी शाळा सोडून शेती हाच पूर्ण वेळचा उद्योग केला.

आता त्यांच्याविषयी जे सामान्यतः सांगितले जाते ते असे की, ते नैसर्गिक शेतीचे थोर पुरस्कर्ते होते. जपानचे मासानोबू फुकुओका त्यांची ‘कल्पवृक्ष’ वाडी पाहून हर्षभरित झाले. 2010 साली त्यांस आयफोम या सेंद्रिय शेतीच्या जागतिक महासंघामार्फत जीवनगौरव सन्मान मिळाला. 2015 साली, वयाच्या 93 व्या वर्षी ते निवर्तले. हे सर्व खरेच आहे. फुकुओकांचीही कथा मोठी मनोरंजक आहे. ते योकोहामा येथे जकात खात्यात रोपांची तपासणी करणारे नोकर होते, आणि ऐन तारुण्यात राजीनामा देऊन वडिलांच्या वाडीवर परतले. परंतु सावे यांच्या चरित्रातील जो भाग आम्हांस धंद्याच्या दृष्टीने महत्त्वाचा वाटतो, तो क्वचितच सांगितला जातो. आरंभी ते रासायनिक खते भरपूर वापरीत असत, पीकही उत्तम येई, आणि आदर्श शेतकरी म्हणून त्यांचा बोलबाला होता. मग त्यांनी हिशेब मांडला. उत्पन्न वाढत होते, पण खत, औषध व पाणी यांवरील खर्च त्याहून वेगाने वाढत होता. ज्यास आज लोक तत्त्वज्ञान म्हणतात त्याचा उगम जमाखर्चाच्या वहीत आहे! शिक्षक असल्याने वही ठेवण्याची सवय त्यांस असणार, असे आम्ही आपल्या पदरचे जोडतो.

त्यांची वाडी सुमारे 14 एकरांची. त्यांतील 10 एकरांवर नारळ व चिकू यांची मिश्र बाग, काही भाग भात-कडधान्यांस, आणि सुमारे दोन एकर नारळाच्या रोपांस. या शेवटच्या दोन एकरांकडे आपण लक्ष द्यावे. फळ विकणारा वर्षातून एकदा हंगामाची वाट पाहतो. रोपे विकणाऱ्याकडे माणसे स्वतः चालत येतात. झाडास पाणी लागते असे आपण म्हणतो, वस्तुतः त्यास ओलावा लागतो, ही त्यांची शिकवण होती. म्हणून ते पाणी बुंध्याशी न घालता झाडांच्या रांगांमधील चरांत सोडीत. मुळे ओलाव्याचा माग काढीत तेथवर जात. यात पाण्याची मोठी बचत होई. शनिवारी दुपारी वाडी पाहुण्यांस खुली असे. म्हणजे शाळा सोडली तरी वर्ग सुटला नव्हता.

दुसरे नाव श्रीपाद अच्युत दाभोळकर यांचे. हे गणिताचे प्राध्यापक, गारगोटीच्या मौनी विद्यापीठातील. द्राक्षबागाईतदारांस एकत्र करून त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला, आणि प्रत्येकाने आपल्या बागेत जे पाहिले ते इतरांस पत्राने कळवावे अशी रीत घालून दिली. दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचा निर्वाह कसा होईल याचा त्यांनी ध्यास घेतला होता. गणिताच्या माणसाने पानांचे क्षेत्रफळ व ऊन यांचा मेळ घालावा, हे आम्हांस अत्यंत स्वाभाविक वाटते. मुंबईत तर या शतकाच्या आरंभी पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर, स्वयंपाकघरातील टाकाऊ पाल्याचे खत करून, तेथील मंडळींनी फळझाडे व भाजी उभी केली. तेथील एक अधिकारी भगिनी पुढे इतरांस गच्चीवरील शेती शिकवू लागल्या. तेव्हा जागा नाही ही सबब सर्वस्वी टिकत नाही.

आता आमच्याकडे वळतो. स्वतःविषयी बोलणे शिष्टसंमत नसले तरी या विषयात अनुभवावाचून बोलणे त्याहून वाईट.

आमचे मूळ घर आगाशीकडचे. एस.एस.सी. व त्यानंतर शिक्षकी पदविका एवढ्या शिदोरीवर आम्ही प्राथमिक शिक्षक झालो. बदलीने वसईच्या पूर्व भागात आलो आणि सातिवलीस अकरा गुंठे जागा घेऊन स्थायिक झालो. तेव्हा तेथे येण्यास कोणी तयार नसे. तुंगारेश्वराच्या डोंगराच्या अंगाला असलेले हे गाव आज आपण पाहाल तर चमत्कारिक वाटेल. डोंगर 2003 साली अभयारण्य झाला, आणि खाली गाळ्यांमागून गाळे उभे राहिले. आमच्या कुंपणाच्या एका बाजूस दिवसभर यंत्रांचा खडखडाट चालतो, दुसऱ्या बाजूस भारद्वाज घुमतो. दोघांचीही आम्हांस सवय झाली आहे.

नोकरीच्या काळात बाग होती ती हौसेची. गुलाबावर डोळे भरावे, डाळिंबाची गुटी बांधावी, जास्वंदीच्या फांद्या लावाव्या, आणि जो येईल त्यास रोप द्यावे. गुरुजींच्या घरचे रोप फुकट असते हा त्या पंचक्रोशीत सिद्धांतच झाला होता. 2017 साली आम्ही सेवानिवृत्त झालो. सरकारी निवृत्तिवेतन मिळते, अन्नान्नदशा नाही. परंतु 1 नोव्हेंबर 2005 नंतर नोकरीस लागलेल्यांसाठी निवृत्तिवेतनाची ती जुनी पद्धत बंद झाली, हे येथील तरुण शिक्षक जाणतात. त्यांस उत्तरवयातील उद्योगाचा विचार आमच्यापेक्षा लवकर व अधिक गांभीर्याने करावा लागेल. हे भाषण मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

रोपवाटिका सुरू करावयाची ठरले तेव्हा पहिली अडचण मातीची नव्हती, पाण्याचीही नव्हती. अडचण होती पैसे घेण्याची! चाळीस वर्षे ज्यांस ‘न्या हो’ म्हणून रोप दिले, त्यांस ‘साठ रुपये’ कसे म्हणावे? जिभेला ते शब्दच येईनात. आमचा एक जुना विद्यार्थी सोनचाफ्याचे कलम घ्यावयास आला, आणि आम्ही किंमत सांगण्याऐवजी त्यास चहा दिला. आमचे कुटुंब हे आतून पाहत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेतील जुना काळा फळा फाटकाशी उभा करून त्यावर खडूने सर्व रोपांचे दर लिहिले. त्या दिवसापासून आमच्या तोंडून किंमत निघण्याची गरजच उरली नाही. विक्रीचे खाते तेव्हापासून त्यांच्याकडे आहे, आणि ते त्यांच्याकडे आहे म्हणूनच त्यास खाते म्हणता येते. आपल्या माताभगिनी पूर्वी भल्या पहाटेच्या गाडीने फुले व भाजी घेऊन दादरच्या बाजारास जात. त्यांस भाव करण्याची लाज कधी वाटली नाही. ती लाज आम्हां शिकलेल्यांस वाटते, आणि छंदाचा व्यवसाय होण्याच्या आड येणारी सर्वांत मोठी धोंड तीच आहे.

दुसरी गोष्ट आवडीची. हौशी माणसास जे आवडते ते तो लावतो. व्यावसायिकास जे मागितले जाते ते लावावे लागते. आम्हांस गुलाबाचा शोक. पण वसई-विरारच्या इमारतींतील सज्जांत ऊन दोन तास येते, तेथे गुलाब काय करील? तेथे मागणी तुळशीची, मोगऱ्याची, गवती चहाची, कढीलिंबाची आणि सावलीत टिकणाऱ्या पानांच्या झाडांची. तुळशीच्या लग्नाआधी दोन महिने तुळशीची रोपे पिशव्यांत तयार हवीत. वटपौर्णिमेस वडाची लहान रोपे मागणाऱ्या भगिनी अलीकडे वाढल्या आहेत. फांद्या तोडण्यापेक्षा रोप पुजणे बरे, असे त्या म्हणतात, आणि आमचे त्यात नुकसान नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी शाळा व संस्था झाडे लावण्यास निघतात. थोडक्यात, रोपवाटिकेचे पंचांग हे गिऱ्हाइकाच्या पंचांगामागे दोन महिने चालते. गुलाबाचे दोन वाफे आम्ही अद्याप राखले आहेत. त्यांचा हिशेब वहीत नाही.

परंतु आमच्या उद्योगाचा कणा म्हणजे आंब्याची कलमे. त्याविषयी थोडे विस्ताराने बोलण्याची परवानगी असावी.

कोकणच्या दमट हवेत कोय कलम उत्तम साधते. मे-जूनमध्ये रायवळ आंब्याच्या ताज्या कोयी गोळा कराव्या. शिळी कोय उगवत नाही. पाण्यात टाकून ज्या तळाशी बसतील त्या घ्याव्या, तरंगतील त्या टाकाव्या. गादीवाफ्यावर पेरल्यावर काही दिवसांत अंकुर येतो, त्याची पाने तांबूस, कोवळी, दहा-पंधरा दिवसांची असतात. नेमकी तीच वेळ. पान हिरवे झाले की संधी गेली. मातृवृक्षावरील तीन-चार महिन्यांची, तेवढ्याच जाडीची काडी घ्यावी. तिची पाने आठ-दहा दिवस आधीच देठ राखून कापलेली असावी, म्हणजे डोळा फुगलेला असतो. खुंट कोयीपासून चार बोटे वर छाटून मध्ये चीर द्यावी, काडीस पाचरीसारखा तास द्यावा, पाचर चिरेत बसवावी आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधावे. एवढेच. सांगण्यास दोन मिनिटे लागली, हात बसण्यास दोन पावसाळे लागतात. पहिल्या वर्षी आम्ही तीनशे कोयी पेरल्या, त्यांतून विक्रीस योग्य अशी कलमे निघाली एकशेदहा. आज शंभरांत सत्तर-पंचाहत्तर साधतात. चिकूची तऱ्हा निराळी. त्यास खिरणीचा खुंट लागतो आणि खिरणी इतकी सावकाश वाढते की घाईच्या माणसाने तिच्या वाटेस जाऊ नये.

आता यातील खरी जोखीम सांगतो. भाजी विकत घेणाऱ्यास ती चांगली की वाईट हे संध्याकाळी जेवताना कळते. कापडाचा रंग पहिल्या धुण्यास कळतो. पण आंब्याचे कलम घेणाऱ्यास तो हापूस आहे की रायवळ हे कळावयास पाच-सहा वर्षे जावी लागतात. तोपर्यंत त्याने त्यास पाणी घातलेले असते, कुंपण केलेले असते, शेजाऱ्यांस ‘आमचा हापूस’ म्हणून दाखविलेले असते. आमच्या एका आप्तांनी अशाच एका ठिकाणाहून वीस कलमे आणून लावली. सातव्या वर्षी त्यांतील चौदा झाडांस आंबट, तंतुमय फळ आले. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा! कोणाकडे तक्रार करावी? पावती नव्हती, आणि विकणाराही तेथून उठून गेला होता. आप्तांचे वय त्या वेळी एकाहत्तर होते. त्यांनी पुन्हा कलमे लावली नाहीत.

म्हणून हौशी मंडळींस आमची आग्रहाची सूचना आहे की, फळझाडांची रोपे विकावयाची तर कायद्याच्या वाटेनेच जावे. महाराष्ट्रात फळरोपवाटिकांच्या नियमनाचा कायदा 1969 साली झाला आहे. त्यान्वये फळझाडांची कलमे-रोपे विकणाऱ्यास कृषी खात्याचा परवाना लागतो. मातृवृक्ष कोठले, कोणत्या जातीचे, याची नोंद ठेवावी लागते. आम्ही मातृवृक्षांची कलमे दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडून आणली आणि त्यांच्या पावत्या आमच्या सेवापुस्तिकेइतक्याच जपून ठेवल्या. हापूसबरोबर आम्ही ‘रत्ना’चेही कलम करतो. नीलम व हापूस यांच्या संकरातून वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने ही जात काढली व ती 1981 साली प्रसारित झाली. हापूस एक वर्षाआड रुसतो, रत्ना बहुधा दरवर्षी फळते. परसात एकच झाड लावणाऱ्यास ती अधिक सोयीची. परवान्यासाठी आम्हांस एका कचेरीत अकरा खेपा घालाव्या लागल्या. निवृत्त शिक्षकाजवळ वेळ भरपूर असतो, हे संबंधितांनी बहुधा लक्षात घेतले असावे.

प्रत्येक कलमास आम्ही क्रमांक देतो. कोणत्या झाडाची काडी, कोणत्या तारखेस बांधली, कोणास विकले, हे सारे शाळेच्या हजेरीपटासारख्या वहीत असते. मुलगा शाळेतून गेला तरी त्याचे नाव सामान्य नोंदवहीत राहते, तसे. गेल्या दोन मे महिन्यांत या वहीचे महत्त्व आम्हांस कळले. 2018 च्या पावसाळ्यात बांधलेल्या कलमांस आता फळे येऊ लागली आहेत. नायगावचे एक गृहस्थ पहिल्या बहराची चार फळे पिशवीत घालून घेऊन आले. आपला क्रमांक ते विसरले होते. आम्ही वहीत पाहिला, एकशेबेचाळीस. फळ कापले. रंग, वास, साल, सर्व पाहिले. ते गृहस्थ निघून गेल्यावर त्या क्रमांकापुढे आम्ही शेरा लिहिला : ‘पास.’

आता पैशांविषयी, कारण ते टाळले तर आमच्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवू नये. आमच्या अकरा गुंठ्यांवर गाळे बांधावे असा सल्ला आम्हांस अनेकांनी दिला; त्यांत आमचे धाकटे बंधूही होते. त्यांचे गणित चूक नव्हते. तेवढ्या जागेतील गाळ्यांचे एका महिन्याचे भाडे आमच्या रोपवाटिकेच्या तीन महिन्यांच्या नफ्याइतके सहज होईल. हे आम्ही आपणांपासून लपवीत नाही. शिवाय गाळ्यास कीड लागत नाही, त्यास उन्हाळ्यात पाणी घालावे लागत नाही, आणि भाडेकरू मे महिन्यात वाळून जात नाही. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये विहिरीचे पाणी तळास जाते, तेव्हा आच्छादन व सावलीची जाळी यांवर रोपे तगवावी लागतात. एका गृहसंकुलाने समारंभासाठी तीनशे रोपे नेली आणि त्यांचे पैसे अद्याप यावयाचे आहेत. असे असतांही आम्ही गाळे बांधले नाहीत. भावास जे उत्तर दिले तेच येथे देतो. भाड्याचे पैसे आले असते, पण रोज सकाळी सहास उठून करण्यासारखे काय उरले असते? तो म्हणाला, हे उत्तर हिशेबात बसत नाही. ते खरे आहे. मात्र गेल्या पावसाळ्यापासून तो रविवारी येऊन कोयी पेरावयास बसतो.

ज्याजवळ अकरा गुंठे नाहीत त्याने निराश होण्याचे कारण नाही. फुलझाडे व शोभेची रोपे यांस एखादी गच्ची पुरते. जागा मुळीच नसेल तर दुसऱ्यांच्या बागा राखण्याचे काम आहे. मोठमोठ्या संकुलांत हिरवळ असते, आणि झाड केव्हा छाटावे हे कळणारा माणूस नसतो. तेथे आपल्या एखाद्या निवृत्त गृहस्थाने दोन होतकरू तरुण हाताशी धरून काम घ्यावे. वाकणे-उचलणे तरुणांनी करावे, डोळा याचा असावा. ज्यांस शिकून घ्यावयाचे आहे त्यांस डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर कृषी विज्ञान केंद्र आहे. जिल्ह्याच्या या टोकापासून ते दूर पडते, पण एकदा पाहून यावे. वाटेत घोलवडच्या चिकूच्या वाड्या लागतात. डहाणू-घोलवडच्या चिकूस 2016 साली, आणि बहाडोलीच्या जांभळास 2023 साली भौगोलिक मानांकन मिळाले. बहाडोली तर आपल्या घराशीच. जांभळाची कलमे मागणारे आता आमच्याकडेही येऊ लागले आहेत.

एक गोष्ट मात्र संघाच्या विचारासाठी ठेवतो. आपण दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांस पारितोषिके देतो, ती द्यावीच. परंतु आपल्या ज्ञातीत पानवेल बांधणारे, सुकेळी करणारे, राजेळीचा मुनवा पाहून घड सांगणारे वृद्ध स्त्रीपुरुष अद्याप हयात आहेत. त्यांस सत्काराची शाल नको आहे. त्यांच्यापाशी बसून शिकणारा एकेक मुलगा हवा आहे. त्या मुलास संघाने वर्षभर थोडी शिष्यवृत्ती द्यावी. अर्जाचा नमुना आम्ही तयार करून चिटणिसांच्या स्वाधीन केला आहे. त्यात गुणपत्रिकेची रकाना नाही हे पाहून ते किंचित गोंधळले आहेत, असे दिसते.

वेळ संपल्याची घंटा आम्ही ऐकली; जन्मभर ती आम्हीच वाजविली असल्याने तिचा अर्थ समजतो. जुलै महिन्यातील चारही रविवारी सकाळी आठ वाजता आमच्याकडे कोय कलम बांधण्याचे काम चालते. ज्यांस शिकावयाचे असेल त्यांनी खुशाल यावे, फी नाही. कलमाचा चाकू ज्याने त्याने आपला आणावा आणि तो घरीच धार लावून आणावा. वसई स्थानकाच्या पूर्वेकडून सातिवलीस रिक्षा मिळते. फाटकाशी काळा फळा दिसेल. पाऊस असला तरी काम बंद नसते.